झाकली मूठ

एखाद्या समाजाला कशाची भीती वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या शिव्या तपासाव्यात. भ्याडाला आपण 'नामर्द' म्हणतो, हातावर हात धरून बसलेल्या सरकारला भर सभेत 'षंढ' म्हणतो, आणि राग अगदीच अनावर झाला की 'बांगड्या भरा' म्हणून मोकळे होतो. ही खोड आजकालची नव्हे. कुरुक्षेत्रावर अर्जुन धनुष्य टाकून बसला, तेव्हा श्रीकृष्णाने त्याच्या मनाच्या दुबळेपणाला जो शब्द योजला तो 'क्लैब्य' हाच होता. मुतखडा झालेल्या माणसाला कोणी भेकड म्हणत नाही, मोतीबिंदू झालेल्याच्या शौर्याविषयी कोणी शंका घेत नाही. हे भाग्य एकाच व्याधीच्या वाट्याला आले आहे. शरीराच्या एका अवयवात पुरेसे रक्त न भरणे, आणि त्याबद्दल माणसाच्या सबंध चारित्र्याला जबाबदार धरणे, असा हा न्याय!

मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पोटाचा उद्योग शाळामास्तराचा, आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. परंतु या तिसऱ्या नादामुळे माणसे कशाबद्दल बोलतात याच्यापेक्षा ती कशाबद्दल गप्प बसतात इकडे माझे लक्ष अधिक असते. आमच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत ज्याची त्याची साखर किती, रक्तदाब किती, कोणाच्या हृदयात किती 'स्टेंट' बसवले, याची चर्चा डबा खाता खाता बिनदिक्कत चालते. कोणी लाजत नाही. उलट आपला आकडा मोठा असल्याचा थोडा अभिमानच दिसतो. पण याच तिन्ही दुखण्यांचे एक सख्खे भावंड आहे, आणि त्याचे नाव त्या खोलीत कधी निघत नाही. ते भावंड म्हणजे पुरुषाच्या इंद्रियाचे शैथिल्य. ते या घराण्यातले आहे हे माणसाला उशिरा कळले. ते कसे कळले आणि इतका उशीर का लागला, याची हकीकत मला सांगायची आहे.

प्रारंभी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी या गोष्टीला शिवी मानले नव्हते, व्याधीच मानले होते. आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'वाजीकरण' हे एक स्वतंत्र अंग आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार करून त्यांची कारणे वेगवेगळी सांगितली आहेत. त्यांत म्हातारपण हेही एक कारण आहे. कारणे शोधावीत, प्रकार पाडावेत, उपचार सांगावेत, ही वैद्याची दृष्टी. शिवी तयार केली ती वैद्याने नव्हे, लोकांनी.

युरोपात तर लोकांच्या जोडीला न्यायालयही उभे राहिले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत चेटकिणींना हुडकून काढण्याविषयी जो कुप्रसिद्ध ग्रंथ छापला गेला, त्यात पुरुषाचे सामर्थ्य हरण करणे हा चेटकिणींचा एक अपराध म्हणून नोंदवला आहे. म्हणजे पुरुष दुबळा झाला तर शेजारची एखादी म्हातारी जाळावी! पुढे फ्रान्समध्ये बायकोने काडी मोडण्यासाठी नपुंसकत्वाचा आरोप केला, तर नवऱ्याला नेमलेल्या वैद्यांच्या आणि सुइणींच्या देखरेखीखाली आपले पौरुष सिद्ध करून दाखवावे लागे. १६५९ साली लांजे नावाच्या एका तरुण सरदारावर हा प्रसंग आला. बंद पडद्याआड तो बिचारा काहीही करू शकला नाही. त्याचा विवाह रद्द झाला. त्याने पुढे दुसरे लग्न केले आणि त्याला सात मुले झाली! या प्रकाराने न्यायालयाचीच इतकी शोभा झाली, की १६७७ मध्ये पॅरिसच्या उच्च न्यायपीठाने ही परीक्षा कायमची बंद करून टाकली. चारचौघे पंच दाराबाहेर बसले असता कोणाचेही रक्त जागेवर राहणार नाही, एवढी साधी गोष्ट कळण्यासाठी सात पोरे जन्माला यावी लागली.

रक्ताचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची कथा अशी. इंद्रियाला ताठरता येते ती वायूने, भात्यात हवा भरावी तशी, असा युरोपातील वैद्यकाचा समज गॅलेनच्या काळापासून, म्हणजे दुसऱ्या शतकापासून चालत आला होता. त्याला पहिला छेद दिला तो एका चित्रकाराने. लिओनार्दो दा विंची प्रेते चिरून शरीररचना पाहत असे. फाशी गेलेल्या काही माणसांचे इंद्रिय ताठ राहिलेले त्याने पाहिले होते, आणि आत वारा नसून भरपूर रक्त आहे असे त्याने आपल्या त्या उलट्या अक्षरांच्या वह्यांत नोंदवून ठेवले. त्या वह्या पुढे कित्येक पिढ्या अप्रकाशित राहिल्या, त्यामुळे त्या ज्ञानाचा उपयोग कोणालाच झाला नाही. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्त शरीरात सतत फिरत असते हे दाखवले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १६६८ साली, डेल्फ्ट गावचा रेनिए द ग्राफ हा सत्तावीस वर्षांचा डच वैद्य पुढे आला. त्याने एका प्रेताच्या ओटीपोटातील रोहिणीत पिचकारीने पाणी सोडले, आणि मेलेल्या माणसाचे इंद्रिय ताठ झाले. तेथे मन नव्हते, वासना नव्हती, चारित्र्य तर नव्हतेच. नळीतून द्रव आत गेला आणि काम झाले.

येथेच प्रश्न सुटायला हवा होता. ताठरता रोहिणीतून येणाऱ्या रक्ताने येते, तर ती न येण्याचा दोष रोहिणीत असू शकेल, हे अनुमान शाळेतल्या मुलालाही करता यावे. पण हे अनुमान बांधायला आणखी अडीचशे वर्षे गेली. याचे कारण विज्ञानात शोधून सापडणार नाही. ते लाजेत आहे. बोलायलाच कोणी तयार नसेल तर तपासायचे कोणाला?

जे थोडे बोलले त्यांच्यामुळे गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. लंडनचा नामांकित शल्यवैद्य जॉन हंटर याने १७८६ साली एका गृहस्थाची हकीकत छापली. हा गृहस्थ इतर बाबतीत धडधाकट, पण एका विशिष्ट स्त्रीजवळ मात्र असमर्थ. हंटरने त्याला बजावले, की तिच्याजवळ सहा रात्री झोपायचे, पण काही करायचे नाही असा निश्चय करूनच झोपायचे. त्या निश्चयाने भीती पळाली आणि सातव्या रात्रीपूर्वीच रोगी बरा झाला. कथा नामी आहे आणि खरीही आहे. मनातली धास्ती शरीराला अडवू शकते हे आजही सर्वांना मान्य आहे. लांजे सरदाराचेही तेच झाले असावे. परंतु एका माणसाचे खरे ते सर्वांचे खरे ठरू लागले की घोटाळा होतो. विसाव्या शतकात मनोविश्लेषणाचा बोलबाला झाला, आणि हे दुखणे जवळजवळ संपूर्णपणे मनाच्या खात्यावर मांडले गेले. १९७० पर्यंत अमेरिकेतील मोठमोठे तज्ज्ञही बहुतेक रोगी मनाचेच असे मानत होते. परिणाम काय झाला? चेटकीण गेली, पण तिच्या जागी 'तुझेच काहीतरी बिघडले आहे' हा ठपका आला. कधी तो नवऱ्यावर येई, कधी बायकोवर. ती रुक्ष आहे, ती भांडखोर आहे, ती त्याला घाबरवते! रोहिणीकडे मात्र कोणी पाहिले नाही.

कोणीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रने लरीश या फ्रेंच शल्यवैद्याने १९२३ मध्येच एक गोष्ट टिपली होती. हृदयातून निघालेली महारोहिणी बेंबीच्या सुमारास दुभंगते आणि तिचे फाटे दोन्ही पायांकडे जातात. या दुभागणीपाशीच रक्तमार्ग तुंबलेले काही रोगी त्याने पाहिले. त्यांचे पाय चालताना लवकर थकत, पोटऱ्या-मांड्या रोडावत, जांघेतली नाडी लागत नसे. आणि यांच्या जोडीला आणखी एक लक्षण असे, ते म्हणजे इंद्रियाची ताठरता न टिकणे. पाय आणि पौरुष, दोघांचा पाणीपुरवठा एकाच मुख्य नळावर होता आणि तो नळच तुंबला होता. त्या रोग्यांना मनोविश्लेषणाची नव्हे, नळ मोकळा करण्याची गरज होती.

पुढची पावले मात्र झपाट्याने पडली. १९७३ मध्ये प्रागच्या व्हात्स्लाव्ह मिखाल याने पोटाच्या भिंतीतील एक रोहिणी थेट इंद्रियाच्या पोकळीला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. १९८२ मध्ये पॅरिसच्या रोनाल्ड व्हिराग याने रक्तवाहिन्या सैल करणारे औषध इंद्रियात टोचले की ताठरता येते, हे प्रसिद्ध केले. याच व्हिरागने १९८५ मध्ये ४४० रोग्यांची पाहणी मांडली. त्यांच्यात धूम्रपान, मधुमेह, रक्तातील वाढलेली चरबी आणि वाढलेला रक्तदाब ही चौकडी सर्वसाधारण पुरुषांच्या मानाने पुष्कळ अधिक आढळली. ही चौकडी ओळखीची वाटते ना? हृदयविकाराच्या दारात उभी असते ती हीच.

आता हे चौघे नेमके काय बिघडवतात, ते समजून घेऊ. त्यासाठी ब्रुकलिनमधील एका प्रयोगशाळेत जावे लागेल, जिथे या विषयाची कोणाला कल्पनाही नव्हती. रॉबर्ट फर्चगॉट हा सशाच्या महारोहिणीचे तुकडे काढून त्यांवर औषधांचा परिणाम पाहत असे. एक औषध जिवंत शरीरात रोहिणी सैल करी, पण त्याच्या तुकड्यांना उलट आवळून धरी. हे कोडे वर्षानुवर्षे होते. एके दिवशी त्याच्या सहायकाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांचा क्रम बदलला आणि तुकडा चक्क सैल पडला. फर्चगॉट त्याच्यावर रागावून थांबला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो विचार करीत बसला. शेवटी उलगडा असा झाला, की तुकडे हाताळताना रोहिणीच्या आतले एका पेशीच्या जाडीचे नाजूक अस्तर आजवर खरवडले जात होते. सैल होण्याचा हुकूम ते अस्तर देत असे. १९८० मध्ये त्याने हे जाहीर केले. अस्तरातून निघणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढच्या सहा-सात वर्षांत ठरले. आणि १९९२ पर्यंत हेही निश्चित झाले, की इंद्रियातील स्नायू सैल करून आत रक्ताला वाट देणारा निरोप्याही तोच. गॅलेनचा वायू चुकीचा होता खरा, पण सुमारे अठराशे वर्षांनी एक निराळाच वायू खरा निघाला!

विडी-सिगरेटचा धूर, रक्तातली वाढीव साखर, चरबी आणि रक्ताचा वाढलेला दाब हे सर्व मिळून या अस्तराला निकामी करतात. मग निरोप पोचत नाही, रोहिणी कडक होते, आणि हळूहळू आतून कीट चढते. हे शरीरात एकाच ठिकाणी होत नाही, सगळीकडे होते. मात्र त्याची पहिली झळ कोठे लागावी? आपल्या घराचे नळ आठवा. क्षार साचू लागले की अर्ध्या इंचाची नळी आधी बंद पडते, दोन इंचांची पुष्कळ मागाहून. इंद्रियाच्या रोहिण्या १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या ३ ते ४ मिलिमीटरच्या, आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या ५ ते ७ मिलिमीटरच्या. तेव्हा बातमी कोणत्या क्रमाने येणार हे सांगण्यासाठी डॉक्टर कशाला हवा?

हे केवळ अनुमान नाही. मिलान येथील मोंतोर्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छातीत कळ येऊन दाखल झालेल्या आणि हृदयाच्या रोहिण्या तुंबल्याचे सिद्ध झालेल्या ३०० रुग्णांना हा नाजूक प्रश्न विचारला. ४९ टक्के पुरुषांना शैथिल्याचा त्रास होता. त्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांत तो त्रास हृदयाच्या लक्षणांच्या आधी सुरू झाला होता. आणि किती आधी? सरासरी सुमारे ३९ महिने. तीन वर्षांहून अधिक काळ ही मंडळी एक सूचना खिशात घालून हिंडत होती! २००५ मध्ये अमेरिकेत पंचावन्न वर्षांवरील सुमारे साडेनऊ हजार पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना हा त्रास आधीपासून होता किंवा नव्याने सुरू झाला, त्यांना पुढे हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका साधारण धूम्रपान करणाऱ्याच्या धोक्याइतका वाढलेला दिसला. २०१७ पासून इंग्लंडमधील डॉक्टर हृदयविकाराचा संभव मोजण्यासाठी जे गणित वापरतात, त्यातही हा प्रश्न अधिकृतपणे दाखल झाला. चाळिशीतल्या पुरुषाच्या बाबतीत ही सूचना विशेष गंभीर मानली जाते, आणि आपण भारतीयांनी तर ती अधिकच मानावी; कारण दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे.

अर्थात प्रत्येक शैथिल्यामागे तुंबलेली रोहिणीच असते असे नव्हे. मज्जातंतू, अंतर्गत ग्रंथींचे स्राव, काही औषधे, दारू, आणि हंटरच्या रोग्याप्रमाणे मनाची धास्ती, हीही कारणे असतात. पुष्कळदा दोन कारणे हातात हात घालून येतात. पहाटे झोपेत ताठरता येत असेल तर नळ बहुधा शाबूत आहेत, असा एक ढोबळ आडाखा डॉक्टर सांगतात. पण निवाडा त्यांनी करावा. शेजाऱ्याने, जाहिरातीने किंवा माझ्यासारख्या मास्तराने करू नये.

राहिली ती सुप्रसिद्ध गोळी. तिचा जन्मही हृदयाच्याच घरी झाला. इंग्लंडमध्ये सँडविच नावाच्या गावी फायझर कंपनीचे रसायनज्ञ छातीतील कळेवर औषध शोधत होते. कळेवर ते फारसे चालेना, पण चाचणीतल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी 'व्हायग्रा' या नावाने अमेरिकेत तिला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या पैशातून ते मिळाले, त्याची संपत्ती नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटकांतून आलेली. आणि अखेरच्या काळात त्याच्या हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही नायट्रोग्लिसरिनच! तेही शरीरात हाच वायू सोडते. म्हणून तर छातीच्या कळेसाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब धाडकन कोसळून जीव जाऊ शकतो. जो माणूस ती कोणाला न विचारता घेतो, त्याला हे सांगणार कोण?

गोळी वाईट नाही. तिने लाखो घरांत सुख आणले आहे. पण घंटा वाजते म्हणून घंटेची तार कापायची आणि आग तशीच धुमसू द्यायची, असा तिचा उपयोग होऊ लागला आहे. मी एस. टी.ने फिरतो तेव्हा गावोगावच्या भिंतींवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' अशी अक्षरे दिसतात. तिथे जाणाऱ्याची साखर कोणी तपासत नाही, रक्तदाब कोणी मोजत नाही, विडी सोड म्हणून कोणी सांगत नाही. खरे म्हणजे उपाय तितका गुप्त नाहीच. २००४ मध्ये नेपल्स येथे ११० लठ्ठ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहार आणि चालण्या-फिरण्याचे नेटाने मार्गदर्शन केले, निम्म्यांना नुसता सर्वसाधारण उपदेश. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जण पूर्ववत झाले, दुसऱ्या ५५ पैकी अवघे ३. आणि जे पूर्ववत झाले त्यांच्या हृदयाचेही त्यात भले झाले, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात हा विषय उघड्यावर आणण्याची किंमत एका माणसाने पूर्वीच मोजली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे छापली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला; डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही कर्व्यांना दंड झाला. त्या दंडानंतर नव्वद वर्षे उलटली. आज छापण्याची बंदी नाही, पण विचारण्याची लाज तशीच आहे.

ही लाज एकट्या पुरुषाला भोवत नाही. नवऱ्याच्या हृदयाची पहिली खबर पुष्कळदा त्याच्या बायकोलाच लागलेली असते, आणि ती खबर अशी, की ती सासरी बोलता येत नाही आणि माहेरीही सांगता येत नाही. ती आपल्यातच काही उणे आहे असे समजून गप्प बसते. तो आपले पौरुष गेले असे समजून गप्प बसतो. आणि त्या दोघांच्या मौनात रोहिणी आपले काम करीत राहते.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्या मुठीत काहीच नाही त्याने ती जरूर झाकून ठेवावी. पण या मुठीत काही आहे. तिच्यात तीन वर्षांचा अवधी आहे. आणि तो मूठ उघडणाऱ्यालाच मिळतो.